पाळण्याचा रंग

आमच्या घरातला पाळणा सागवानी आहे. माझ्या सासूबाईंच्या माहेराहून तो बैलगाडीने निलंग्यास आला, असे त्या सांगत. त्यात माझे यजमान वाढले, त्यांच्या दोघी बहिणी वाढल्या, पुढे माझी मुलगी आणि मुलगा वाढला. प्रत्येक बाळंतपणाआधी त्याला रंगाचा नवा हात देण्याची आमच्याकडे रीत होती. कधी हिरवा, कधी पिवळा, कधी तांबडा. जुना रंग कुणी काढत नसे; त्याच्यावरच नवा चढे. एका कोपऱ्यात टवका उडाला होता, तिथे खोडाच्या वर्तुळांसारखे रंगांचे थर दिसत. पाहुण्यांना मी तो टवका कौतुकाने दाखवीत असे. हा हिरवा आत्याचा, हा पिवळा बाबाचा. तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या बाईला आपल्या घरचा इतिहास असा हाताच्या बोटाखाली सापडला, याचा अभिमानही होता.

तो टवका नातवाच्या तोंडात जात होता, हे मला फार उशिरा कळले.

आमचे जुने घर माळवदाचे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने ते हादरले. भिंती फुगल्या, तुळया सरकल्या, पण माणसे वाचली. पुढे माळवद उतरवून सिमेंटचे घर बांधले, तेव्हा यजमानांनी जुनी दारे, चौकटी आणि ढाळजेतल्या खिडक्या तशाच नव्या भिंतींत बसवून घेतल्या. जे उरले ते जपावे, अशी त्या वेळी सगळ्यांचीच मनःस्थिती होती. पाळणाही माळ्यावर गेला आणि नातू व्हायची वाट पाहत राहिला.

नातू झाला. मुलगा आणि सून दोघेही नोकरीचे. दिवसभर बाळ माझ्याजवळ. तो पंधरा महिन्यांचा असताना दिवाळीपूर्वी घराला रंग द्यायचे ठरले. रंगाऱ्याने दोन दिवस कोरड्या पॉलिश पेपरने दारे, खिडक्या आणि पाळणा घासून काढला. ढाळजेत पिठासारखा बारीक धुरळा बसला होता. तो मी स्वतः केरसुणीने झाडला. बाळ तिथेच रांगत, उभे राहत, पाळण्याची कड धरून दाढा शिवशिवतात म्हणून ती चावत होते. मी हसून म्हणाले होते, "बापासारखाच आहे, तोही हीच कड चावायचा."

माघापासून बाळाचे जेवण तुटले. पोट दुखते म्हणून रात्री उठून रडे. शौचास कडक होई. दहाबारा शब्द आले होते, ते तिथेच थांबले. कुंडीतली माती, भिंतीचे पोपडे तोंडात घालण्याचा नाद लागला. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली आहे. मी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. शनिवारी मारुतीला जाऊन तेल वाहिले आणि देवाच्या अंगावरचा शेंदूर बोटाने घेऊन बाळाच्या कपाळी लावला. हे लिहिताना आजही हात थबकतो. का, ते पुढे येईलच. गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचे औषध आणि जंताचे औषध दिले. त्यांना मी दोष देत नाही. आमच्याकडची निम्मी मुले अशीच फिकट असतात आणि बहुतेकांना त्या औषधाने गुण येतो. आमच्या बाळाला आला नाही.

वैशाखात लातूरच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बाळाला तपासण्यापेक्षा आम्हालाच अधिक तपासले. घर किती जुने? अलीकडे रंगकाम झाले का? इन्व्हर्टरची बॅटरी कुठे ठेवली आहे? घरात किंवा शेजारी कुणी भंगाराचे, बॅटरीचे, सोनारकामाचे काम करते का? डोळ्यांत सुरमा घालता का? बाळाला कोणते भस्म, कोणते चाटण देता? हळद कुठून आणता? मला राग आला. पोलिसाने चौकशी करावी तसे ते विचारत होते आणि प्रत्येक प्रश्न आजीकडे बोट दाखवीत होता. रंगाचे सांगितल्यावर मात्र ते थांबले आणि म्हणाले, "आजी, बाळाच्या रक्तातले शिसे तपासून पाहू."

शिसे! मला वाटले ते थट्टा करीत आहेत.

रक्त मुंबईच्या प्रयोगशाळेत गेले. आठवड्याने आकडा आला : २३. शंभर मिलिलिटर रक्तात तेवीस मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. म्हणजे बाळाच्या अंगातले सगळे रक्त धरले तरी त्यातले शिसे मिठाच्या चारपाच कणांइतकेही भरले नसते. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते, हा आकडा ५ किंवा अधिक असेल तर शिसे कुठून येते ते शोधून ते थांबवावे. आणि ५ च्या खाली सुरक्षित अशी पातळी असते असेही नाही. मी विचारले, औषध कोणते? डॉक्टर म्हणाले, आकडा ४५ च्या पुढे गेला तर शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध रुग्णालयात देतात. याला त्याची गरज नाही. याला घर बदलायला हवे, म्हणजे घराचे वागणे बदलायला हवे. लोह, दूध, वेळच्या वेळी जेवण आणि पुन्हा तपासणी. मोठ्या आशेने गेलेल्या माणसाच्या हाती औषधाची बाटली नसावी, हे किती अवघड असते ते आजारी मुलाजवळ बसलेल्यांनाच कळेल.

त्या दिवशी त्यांनी शिसे शरीरात काय करते ते समजावून सांगितले. शरीर शिशाला ओळखत नाही; त्याला ते कॅल्शियम समजते. चुन्याचे सोंग घेऊन हा पाहुणा घरात शिरतो, हाडांत मुक्काम करतो आणि मेंदूत जिथे पेशी एकमेकींशी बोलतात तिथेही जाऊन बसतो. एकाच वस्तूतून मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार ते पाच पट अधिक शिसे शोषते. पोट रिकामे असेल तर आणखी अधिक. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर त्याहूनही अधिक. आणि शिसे स्वतःच रक्त कमी करते, असे हे दुष्टचक्र. रक्तातले शिसे महिना-दीड महिन्यात निम्मे होते, पण हाडांत गेलेले दशके राहते. बाळाचे शब्द त्यामुळेच थांबले का, या माझ्या प्रश्नाला त्यांनी प्रामाणिक उत्तर दिले : एका मुलाबद्दल असे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, पण हजारो मुले पाहिली तर शिसे जास्त तिथे बुद्धी आणि एकाग्रता कमी, हे निश्चित दिसते, आणि गेलेले सगळे परत येतेच असे नाही.

हाडांची ही गोष्ट आम्हा म्हाताऱ्यांनाही लागू आहे, म्हणून तिथे थोडी थांबते. आपल्या देशात पेट्रोलमध्ये शिसे घालत असत. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. म्हणजे आज साठीत-सत्तरीत असलेल्या माणसाने आयुष्याची ऐन वर्षे त्या धुरात काढली आहेत. ते शिसे हाडांत आहे. उतारवयात हाडे झिजू लागली, विशेषतः स्त्रियांची पाळी गेल्यानंतर, की ते थोडे थोडे पुन्हा रक्तात उतरते. रक्तदाब वाढण्याच्या आणि हृदयाच्या विकारांच्या कारणांत शिशाचेही नाव आहे. आमच्या निलंग्याचे ग्रामदैवत नीलकंठेश्वर. देवाने हलाहल गळ्यात अडवले म्हणून तो नीलकंठ. आपल्याला ते जमत नाही, आपले विष सरळ हाडांत जाऊन बसते. गाभाऱ्यासमोर उभी असताना हा विचार हल्ली नेमका मनात येतो.

घरी आल्यावर मी शिशाबद्दल वाचायला घेतले. पहिला धक्का भाषेनेच दिला. 'शिसपेन्सिल' हा शब्द मी हजारो वेळा फळ्यावर लिहिला असेल. पेन्सिल चोखू नका, शिसे पोटात जाईल, म्हणून किती मुलांना रागावले! त्या पेन्सिलीत शिसे नसते. ग्राफाइट असते, म्हणजे कोळशाचाच एक भाऊ. शिसे असते ते शेंदरात. खरा शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड. ज्याच्या नावात शिसे त्यात ते नाही, आणि ज्याच्या नावात नाही ते मी बाळाच्या कपाळी लावून आले होते. मारुतीला शेंदूर अवश्य वाहावा. तो दगडाचा आहे, त्याला काही होत नाही. बाळाच्या कपाळाला आणि तोंडात जाणाऱ्या बोटांना तो लावू नये, एवढेच.

सुरम्याचेही तसेच. काजळ म्हणजे मूळची काजळी. पण बाजारातला सुरमा पुष्कळदा शिशाच्या खनिजाची पूड असतो. आणि भस्मे. रसशास्त्रात शिशाला नाग म्हणतात, नागभस्म त्याचेच. आयुर्वेदावर माझा विश्वास आहे आणि सुंठ-ओवा माझ्या घरातून कधी जाणार नाही. परंतु २००४ साली अमेरिकेत बॉस्टन परिसरातील दुकानांतून विकत घेतलेली भारतीय उपखंडातील ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा त्यांतल्या १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, हेही मी वाचले आहे. सांधेदुखीसाठी, मधुमेहासाठी कुणीतरी सांगितलेली बिननावाची पुडी आपण उशाशी ठेवतो. ती आपल्यालाही बरी नव्हे, आणि नातवंडांचा हात उशापर्यंत सहज पोहोचतो. यजमानांच्या उशाची तशी एक पुडी मी त्याच आठवड्यात काढली. त्यावरून दोन दिवस अबोला होता.

रंगाबद्दल आपल्याकडे कायदा आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे असता कामा नये, असा नियम लागू झाला. त्यापूर्वीच्या तैलरंगांत ते हजारोंच्या घरात असू शकत असे. पिवळा, तांबडा, हिरवा हे रंग त्यात पुढे. नियमानंतरही लहान उत्पादकांच्या डब्यांत मर्यादेबाहेर शिसे आढळले आहे, म्हणून डब्यावर तसे लिहिलेले पाहूनच रंग घ्यावा. पण कायदा नव्या डब्याला लागू होतो. पाळण्यावर चढलेल्या चार पिढ्यांना तो लागू होत नाही. भिंतीवर शांत बसलेला जुना रंग फारसा अपाय करत नाही. तो उडू लागला, घासला, जाळला की विष होते. आमचा रंग आम्ही घासला होता.

ही काही आमच्या एका घराची गोष्ट नव्हे. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालील मुलांचे रक्त तपासले होते. तेव्हा १० ही धोक्याची पातळी मानत आणि जवळजवळ निम्मी मुले तिच्यावर होती. त्याच सुमारास बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने मोठ्या शहरांत तपासण्या केल्या, त्यांचाही निष्कर्ष तसाच निघाला. तिथले जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. तुप्पिल वेंकटेश यांनी पुढे सगळे आयुष्य या एकाच विषयाला वाहिले. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालाने जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ किंवा अधिक शिसे असल्याचा अंदाज मांडला. त्यांतली सुमारे २७.५ कोटी मुले भारतातली. इतका मोठा आकडा वाचला की मन बधिर होते. मला २३ पुरेसे होते.

आमच्या घरात काय बदलले ते सांगते. सगळ्यात आधी केरसुणी गेली. कोरडे झाडले की धुरळा उठतो आणि पुन्हा बाळाच्या उंचीवरच बसतो. आता ओल्या फडक्याने पुसतो आणि फडके वेगळ्या बादलीत धुतो. दारांचे उडालेले भाग पाणी मारून, ओले ठेवून साफ करवून घेतले आणि वर नव्या रंगाचे दोन हात दिले. ते काम चालले तेव्हा सून बाळाला घेऊन औराद शहाजानीला माहेरी गेली होती. जेवणाआधी, झोपण्याआधी बाळाचे हात साबणाने धुणे, नखे कापणे, खेळणी धुणे. ज्वारीच्या भाकरीचा काला दुधात, मेथी, करडईची भाजी, तीळ-शेंगदाण्याची चटणी, वरणावर लिंबू. लिंबाने लोह अंगी लागते. सकाळी उपाशीपोटी खेळायला सोडायचे नाही. भंगार वितळवून केलेली जर्मनची पातेली निघाली, कारण तसल्या भांड्यांतून शिसे अन्नात उतरू शकते. पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेते ती समोर बसून. कल्हई कथलाचीच हवी, त्यात स्वस्ताईसाठी शिसे मिसळलेले असू नये. कल्हईवाले चाचा आधी रागावले. मग त्यांनीच कथलाची कांडी हातात देऊन शिशाची कांडी किती जड लागते ते दाखवले. तेवढे ज्ञान मला कुठल्याही पुस्तकाने दिले नव्हते.

महिन्याने आकडा १७ झाला, वर्षाने ८. अजून तो पाचाखाली गेलेला नाही.

बोलावे की नाही, यावर घरात एकमत नव्हते. मुलाला वाटे, लोक बाळाकडे बोट दाखवतील, याच्या डोक्यात शिसे आहे म्हणतील. सून म्हणाली, "आई, आपल्याला कुणी आधी सांगितले असते तर?" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बोलायचे ठरवले. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावले. सवाष्ण आणि विधवा हा भेद मी केव्हाच सोडला आहे. वाण म्हणून हळकुंडे ठेवली होती आणि हळदीपासूनच सुरुवात केली.

हळद आपल्या मराठवाड्याची. वसमत, हिंगोली, नांदेडकडची. तिच्यात शिसे मुळात नसते. ते कुणीतरी घालावे लागते. बांगलादेशात १९८० च्या दशकात पुरामुळे हळद नीट वाळेना, काळपट पडू लागली. तेव्हा हळकुंडांना पॉलिश करताना लेड क्रोमेट हा पिवळाजर्द रंग लावण्याची युक्ती कुणाला सुचली आणि ती रूढ झाली. गरोदर बायकांच्या रक्तात शिसे कुठून येते, याचा माग काढताना संशोधक थेट त्यांच्या हळदीच्या डब्यापाशी पोहोचले. मग वृत्तपत्रांतून, भित्तिपत्रकांतून गावोगाव सांगितले गेले, व्यापाऱ्यांना समज दिली, ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड पडली, दंड झाले. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ते सापडले नाही. दोन वर्षांत! गिऱ्हाइकाने चकचकीत पिवळे मागणे सोडले की रंग लावण्यात नफा उरत नाही. आपल्याकडेही हळदीत लेड क्रोमेट घालण्यास कायद्याने बंदी आहे, तरी अलीकडच्या पाहणीत पाटण्याच्या काही नमुन्यांत प्रचंड शिसे निघाले. म्हणून वाणाची हळकुंडे मी मुद्दाम मातकट, साधी आणली होती. "बाई, वाण जुनाट दिसतंय," असे एकीने म्हटलेच. मी म्हटले, निलंगा राइस थोडा फिकट झाला तर गावाची अब्रू जात नाही. हशा पिकला आणि पुढचे बोलणे सोपे झाले.

जुन्या रंगाचे, शेंदराचे, पुड्यांचे सांगून झाले. मग बॅटरीवर आले. आमच्याकडे वीज जाते, म्हणून घरोघरी इन्व्हर्टर. त्याच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या. जुनी बॅटरी विक्रेत्याला परत द्यावी, तिने ती परत घ्यावी असा नियम २००१ पासून आहे, २०२२ मध्ये तो नव्याने झाला. पण भंगारवाला चार पैसे जास्त देतो. ती कुणाच्या तरी अंगणात फुटते, शिसे कढईत वितळते, आणि त्या धुराइतके वाईट दुसरे काही नाही. हे सांगताना मागच्या सतरंजीवर बसलेली एक बाई उठून गेली. तिच्या यजमानांचे काय काम आहे, ते मला ठाऊक होते. बोलण्याच्या ओघात मी तो विचार केला नव्हता. शिक्षकाने कधी करू नये ती चूक मी केली. भर वर्गात एकाच मुलाकडे पाहून धडा शिकवावा तसे झाले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. दार उघडायला वेळ लागला. ती म्हणाली, "बाई, काम सोडलं तर खायचं काय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि असल्याचा आव आणला नाही. पाळण्याची हकिकत सांगितली. बाळाचा आकडा सांगितला. माझ्याच हाताने झाले हे सांगितले, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून ऐकू लागली. काम निदान अंगणातून हलवता येईल का, कामाचे कपडे बाहेर काढून, अंघोळ करून मगच घरात यायचे, ते कपडे मुलांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, एवढे आम्ही बोललो. अंगणवाडीताईंना मी बरोबर नेले होते. त्यांनी तिच्या पाच वर्षांच्या मुलीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले.

चार महिने झाले. वितळवण्याचे काम आता गावाबाहेर शेताच्या बांधावर चालते. ते बंद झालेले नाही. पाळणा प्लास्टिकात गुंडाळून गच्चीवरच्या खोलीत ठेवला आहे. जाळता येत नाही, कारण धुरातून शिसे पसरेल. द्यावा तर दुसऱ्याचे मूल त्यात निजेल. सुनेला पुन्हा दिवस गेले आहेत, आणि यजमान अधूनमधून त्या खोलीत जाऊन येतात. मी काही विचारत नाही.

त्या मुलीच्या रक्ताची तपासणी येत्या सोमवारी लातूरला ठरली आहे. तिच्या आईला डॉक्टरांच्या प्रश्नांची भीती वाटते. मी तिला ते सगळे प्रश्न आधीच सांगून ठेवले आहेत. सकाळच्या एसटीने आम्ही तिघी जाणार आहोत.